उत्तरेच्या खिडकीतलं ऊन

नलू, तुझ्या शोकसभेत तुला टायपिस्ट म्हणाले.

सभा आपल्याच ऑफिसच्या हॉलमध्ये होती, रामदासपेठेत. इमारतींचे नकाशे पसरायची मोठी टेबलं भिंतीला सरकवून खुर्च्या मांडल्या होत्या. तुझा फोटो ठेवला होता, तोच पिकनिकचा, त्यातून मला कापून टाकलेलं. माझा हात तेवढा तुझ्या खांद्यावर राहिलाय, कोणाचा ते कोणाला कळू नये असा. साहेब उभे राहिले, घसा साफ केला आणि म्हणाले, "नलिनीबाई आपल्या ऑफिसच्या कॉम्प्युटरवर टायपिंगचं काम बघायच्या. अतिशय शांत स्वभाव. कधी उलटून बोलल्या नाहीत." मग सगळ्यांना दोन मिनिटं स्तब्ध उभं राहायला सांगितलं. ती दोन मिनिटं संपली, लोक बसले, आणि मी उभीच राहिले.

मी काय बोलले ते सांगते. पण त्याआधी मला तुझ्याशी भांडायचंय. तुझं आणि माझं एक भांडण अर्धवट राहिलंय आणि तू मधेच उठून गेलीस. हे बरं नाही केलंस.

ते कॉम्प्युटरचं मशीन ऑफिसात आलं तेव्हा साहेबांनी त्याच्यासाठी काचेची केबिन बांधली. त्याला एसी. आपण सगळे खसाच्या कूलरपुढे घामानं थबथबलेले, नकाशाच्या कागदावर मनगटाचे डाग पाडणारे, आणि ते एकटं गारव्यात. दारावर पाटी, चपला बाहेर काढा. दसऱ्याला त्याला झेंडूचा हार आणि कुंकवाचं बोट. त्याच्यापुढे बसायला कोणीतरी हवं म्हणून तुला घेतलं. गणितात एम.एस्सी. झालेली बाई, पर्समध्ये सूर्याच्या गणिताचं जाडजूड परदेशी पुस्तक. साहेबांना वाटलं ही पत्रं छापेल, बिलं काढेल. तू पहिल्याच आठवड्यात माझ्या टेबलाशी आलीस. मी ऑफिसची ड्राफ्ट्समन, बाई असून मॅनच. मी खिडकीवरचा छज्जा काढत होते.

"कुसुम, हा छज्जा एवढाच काहून वं? जास्त काहून नाही, कमी काहून नाही?"

"साहेब म्हणतात म्हणून."

"सूर्याले विचारलं का कोणी?"

त्या दिवसापासून मी तुझी झाले. इतकी वर्षं रेघा ओढल्या, पण हा प्रश्न मला कधी पडला नव्हता, आणि ऑफिसातल्या कोणालाच पडला नव्हता.

मग तू तो प्रोग्राम लिहायला घेतलास. तारीख सांगा, वेळ सांगा, गाव सांगा. मशीन सांगणार की त्या क्षणी सूर्य आभाळात किती वर आहे, कोणत्या दिशेला आहे, आणि त्याचं ऊन घराच्या कोणत्या भिंतीवर किती जोरात पडतंय. मेमधली नागपूरची धूळसुद्धा तू त्यात घातलीस, कारण धुळीनं ऊन किती अडतं हे पुस्तकातल्या माणसाला काय माहीत. प्रोग्रामचं नाव ठेवलंस 'रवी'. शिपाई माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "बाई दिवसभर रवी-रवी करून राहिल्या, घरच्यायले माहीत आहे ना?" मी तुला ते सांगितलं तेव्हा तू इतकी हसलीस की साहेब केबिनमधून डोकावले.

रोज उशिरा यायचीस. हजेरीच्या वेळी कोणी टोकलं की म्हणायचीस, "घड्याळ अलाहाबादच्या सूर्यावर चालते. मी नागपूरच्या सूर्यावर चालते. आपला सूर्य पाव तास मागं राहते, त्याले मी काय करू?" आणि हे खरं होतं, हेच तर तुझं वाईट. तुझी थापसुद्धा गणितानं सिद्ध व्हायची. पण हीच बाई कधी उलटून बोलली नाही म्हणे.

प्रोग्राम पहिल्यांदा चालला तेव्हा गंमत म्हणून तू आमच्या महाल भागातल्या घराचं ऊन काढलंस. मागच्या बाजूला, उत्तरेला, आमचं आंगण. छापलेला कागद फडफडवत तू आलीस आणि म्हणालीस, मे महिन्यात तुमच्या मागच्या आंगणात सकाळी ऊन नाही, संध्याकाळीही नाही. मी पेन्सिल खाली ठेवली.

"अवं माय, मग आमची आई पापड कुठं वाळवते?"

तुला कळेना. मी सांगितलं, हिवाळ्यात त्या आंगणात पाय ठेववत नाही, उन्हाचा ठिपका नसतो तिथं. पण वैशाखात सकाळी चहाच्या वेळेपासून ऊन जे येऊन बसतं ते दिवेलागणीपर्यंत हलत नाही. आमच्या गल्लीत ज्यांचं आंगण मागं, त्या सगळ्या बायकांच्या कुरड्या, पापड, सांडगे उन्हाळ्यात मागच्याच आंगणात. पुढच्या, दक्षिणेच्या ओट्यावर टाकलं तर सकाळभर ओलंच राहतं.

तू हसली नाहीस. डबा तसाच उघडा टाकून केबिनमध्ये गेलीस, एका पायात चप्पल घेऊन. बाहेर आलीस ती चेहरा उजळून. ते पुस्तक थंड देशातलं, हिवाळ्यात घर उबदार कसं ठेवावं यासाठी लिहिलेलं. त्यातलं सूत्र सूर्य दक्षिणेलाच आहे असं धरून चालायचं. आपल्याकडे मे-जूनमध्ये सूर्य उत्तरेकडून उगवतो, उत्तरेकडे कलून मावळतो, आणि नवतपा लागला, म्हणजे मेअखेरचे ते होरपळीचे दिवस आले, की भर दुपारीसुद्धा डोक्यावरून किंचित उत्तरेलाच सरकतो. मशीन त्या उत्तरेच्या सूर्याला, आरशात दिसावा तसा, उचलून दक्षिणेला नेऊन ठेवत होतं. तू प्रोग्राममध्ये एक ओळ घातलीस आणि सूर्य आपल्या जागी आला. आईनं तुझ्यासाठी पापडांचा डबा पाठवला. तू तो सगळ्या ऑफिसात वाटलास आणि प्रत्येकाला सांगितलंस की ही प्रोग्राम तपासल्याची फी आहे. साहेबांनीही दोन खाल्ले.

आणि मग ते हॉस्पिटल आलं. हिंगण्याच्या रस्त्यावरचं, कारखान्यातल्या कामगारांच्या घरच्यांसाठी एक ट्रस्ट बांधत होता ते. साहेबांचा नकाशा तयार होता. बायकांचा वॉर्ड उत्तरेला, मोठ्या मोठ्या खिडक्यांची रांग, वर छज्जा नाही, बाजूला काही नाही, नुसती काच. दक्षिणेला मात्र हा एवढा खोल छज्जा, जिथं भिंतीवर मेमध्ये ऊन जवळजवळ पडतच नाही आणि थंडीत जे कोवळं ऊन आत यावं ते अडतं. का, तर उत्तर म्हणजे गार. साहेबांना कॉलेजात तसं शिकवलं होतं. उन्हात उभं राहून बघायचं मात्र कोणी शिकवलं नव्हतं.

त्यांना ट्रस्टच्या कमिटीपुढे ठेवायला कॉम्प्युटरचा कागद हवा होता. त्यांनी तुझ्या खणातून तो पहिला कागद काढला, चुकीचा. त्यात उत्तरेच्या खिडक्यांवर उन्हाळ्यात ऊन शून्य होतं आणि त्यांचा नकाशा शहाणा दिसत होता. तू दुरुस्त केलेला कागद घेऊन त्यांच्यापुढे उभी राहिलीस. मी दारातच होते, मी ऐकलंय.

"सर, तो चुकलेला आहे. हा घ्या. उत्तरेच्या खिडक्यांना दोन्ही बाजूंनी उभ्या फळ्या पाहिजेत, नाही तर मे-जूनमध्ये संध्याकाळचं ऊन सरळ खाटेवर येईल."

साहेब हसले. "नलिनीबाई, आधी मशीन बरोबर सांगत होतं. तुम्ही हात लावला आणि बिघडलं."

मशीन बरोबर आणि बाई चूक. मशीनला जे येतं ते तूच शिकवलेलं, पण त्यांच्या लेखी मशीन शहाणं होतं आणि तू त्याची धूळ पुसणारी.

त्या नवतप्यात आपण दोघी भर दुपारी ऑफिसच्या गच्चीवर गेलो. डोक्याला ओढणी, पदर, हातात माझी नकाशाची लांब पट्टी, तिला ओळंबा बांधलेला. पट्टी अगदी सरळ उभी धरली. तुझ्या सूर्याची दुपार झाली, घड्याळाची नाही, आणि सावली पडली ती दक्षिणेला. जेमतेम बोटभर, पण दक्षिणेला. म्हणजे सूर्य उत्तरेला. तू तिथंच खडूनं खूण केलीस आणि टाळी दिलीस. मी खाली धावत जाऊन साहेबांना म्हटलं, सर, वर चला, डोळ्यांनी बघा. ते म्हणाले, "या उन्हात?" आणि मग म्हणाले, "काठी वाकडी धरली असेल."

नलू, मला आजही हे आठवलं की कानशिलं तापतात. उन्हाचा निर्णय ज्यानं घ्यायचा तो उन्हात यायला तयार नाही, आणि खालच्या खोलीत, कूलरच्या झोतात बसून सांगतो की आमची काठी वाकडी.

मी नकाशावर त्या उभ्या फळ्या काढल्या होत्या, तुझ्या मापानं. साहेबांनी लाल पेन्सिलीनं काट मारली. इमारतीची उत्तर बाजू रस्त्याला आहे, फळ्यांनी तिची शोभा जाते, म्हणाले. कमिटीत तो चुकीचा कागद गेला. कॉम्प्युटरनं काढलंय म्हटल्यावर कमिटी गप्प. माणसानं काढलं असतं तर कोणीतरी विचारलं तरी असतं.

आणि इथंच आपलं भांडण. मी म्हटलं, चल, ट्रस्टच्या लोकांच्या घरी जाऊ. त्यांना खरा कागद दाखवू. पेपरात देऊ. उद्घाटनाच्या दिवशी मंडपात उभी राहून सांग. तू नुसती मान हलवत राहिलीस.

"काहून वं चिडून राहिली? आकडे बरोबर आहेत ना? मग झालं. बरोबर आकडा कधी ना कधी बोलतेच."

"कोण बोलते? आकड्याले तोंड आहे का?"

"तुले आहे ना, दोघींच्या वाट्याचं."

यावर मी हसले आणि तू सुटलीस. दर वेळी अशीच सुटायचीस. तू साहेबांना उलटून बोलायचीस, रोज बोलायचीस, पण एकदाच बोलायचीस. एकदा खरं सांगितलं की तुझं काम संपलं. ते दहादा सांगावं लागतं, आवाज चढवून सांगावं लागतं, हे तुला कमीपणाचं वाटायचं. मला तुझ्या या गोष्टीचा राग होता आणि आहे. मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावलेय.

मग हॉस्पिटल बांधून सुरू झालं, आणि एका उन्हाळ्यात तुझे डोळे पिवळे झाले. काविळीचं औषध घेते, बरं वाटतंय, करत तू महिना काढलास आणि एके दिवशी केबिनच्या दारातच मटकन बसलीस. तुझे मिस्टर, आमचे भाऊजी, हिंगण्याच्या कारखान्यात, म्हणून त्यांनी तुला त्याच हॉस्पिटलात नेलं. मला कळलं तेव्हा मी पहिलं काय विचारलं असेल? "खाट कोणत्या बाजूला?" भाऊजी माझ्याकडे बघतच राहिले.

खाट खिडकीखाली होती. नवतपा चालू होता. मी ऑफिस सुटायच्या आधीच निघून आले होते. वॉर्डात बायका पदरानं वारा घेत होत्या, पंखा वरून भट्टीचा वारा फेकत होता. आधी ऊन खिडकीच्या कडेनं आलं, भिंतीला चिकटून, चोरासारखं. मग तुझ्या उशीवर, मग मानेवर, मग चेहऱ्यावर. सूर्य खाली जाऊ लागला तसं ते आणखी आत सरकलं आणि पलीकडच्या खाटेपर्यंत गेलं. खाट सरकवायला जागा नव्हती. मी माझ्या पाठीनं आडोसा करून उभी राहिले तर तू मला हातानं बाजूला केलंस.

"किती वाजले?"

मी सांगितलं.

तू डोळे किलकिले करून त्या उजेडाकडे पाहिलंस, उशीवर कुठं आहे, चादरीवर कुठं आहे, आणि ओठ हलवून काहीतरी हिशेब केलास. मग म्हणालीस, "रवीनं हाच टाइम सांगितला होता, कुसुम." आणि हसलीस. सुकलेल्या ओठांनी, पिवळ्या डोळ्यांनी, आनंदानं हसलीस. मला तुझ्या त्या हसण्याचा असा संताप आला की मी बाहेर व्हरांड्यात जाऊन रडले.

भाऊजींनी दुसऱ्या दिवशी घरून तुमची हिरव्या चौकड्यांची चादर आणली आणि सुतळीनं खिडकीला बांधली. वारा थोडा अडला, पण ऊन पुरतं अडलं. त्या चादरीमागं तू चार दिवस काढलेस. उन्हानं नाही मेलीस तू, काविळीनं मेलीस, हे मला कळतं. डॉक्टरांना मी दोष देत नाही. पण हॉस्पिटलातल्या त्या पहिल्या संध्याकाळी तुझ्या तोंडावर ऊन होतं, आणि ते तिथं येणार हे तू आधी सांगितलं होतंस, कागदावर छापून दिलं होतंस. ते ज्यांनी फेटाळलं ते तुला शांत स्वभावाची टायपिस्ट म्हणाले.

तर मी उभी राहिले. म्हटलं, "सर, नलिनी टायपिस्ट नव्हती. सूर्य कुठं आहे ते काढणारा प्रोग्राम तिनं लिहिला. तुम्ही चुकीचा कागद कमिटीला दिला हे तिनं तुम्हाला तुमच्या तोंडावर सांगितलं होतं. ती ज्या खाटेवर गेली तिथं संध्याकाळी ऊन येतं. कोणाला बघायचं असेल तर आज चला." साहेब म्हणाले, "कुसुमताई भावनेच्या भरात आहेत, स्वाभाविक आहे," आणि चहा आणायला सांगितला. लोकांनी चहा घेतला. एकदोघांनी माझा हात दाबला आणि इकडेतिकडे बघत निघून गेले. हात तर दाबला, पण बरोबर कोणीच आलं नाही.

भाऊजी जाताना एवढंच म्हणाले, "ती चादर वार्डातच राहिली. आणता आली तर आणा, तिच्या हातची धुतलेली आहे."

मी आणायला गेले. खरंच आणायलाच गेले होते. तुझ्या खाटेवर हिंगण्याकडची एक बाई, नुकतं ऑपरेशन झालेली, शेजारी तिची सासू. आयाबाई मला ओळखून म्हणाली, "बाई, ते चादर घेऊन जा. साहेबलोक राउंडले येतात, खराब दिसते म्हणतात." मी सुतळीची एक गाठ सोडली. एक कोपरा खाली आला आणि ऊन त्या बाईच्या पोटावर पडलं, टाके घातलेल्या जागी. तिनं हात आडवा धरला. म्हातारी म्हणाली, "राहू द्या ना माय, कोणाची का असेना. शेजारची खिडकी पाहा, तिथं काहीच नाही, त्या पोरीचे हाल आहेत."

मी गाठ परत बांधली. आणखी घट्ट.

दुसऱ्या दिवशी गांधीबागेच्या कापडबाजारात गेले आणि मांजरपाट घेतलं. तुझ्या मापानं कापलं, मला पाठ आहेत ती मापं. शेजारच्या खिडकीला बांधलं. आयाबाईनं स्टूल आणून दिलं आणि म्हणाली, "मी पाहिलंच नाही." मग म्हातारीनं गावाकडून लुगडं आणवलं. मग कोणीतरी धोतर, कोणीतरी लेकराची दुपटी जोडून. मी फक्त इतकंच सांगत गेले की उन्हाळाभर ऊन याच बाजूनं येतं, तुमच्या आंगणात येतं तसंच, आणि इथं उभ्या फळ्या हव्या होत्या. एकीनंही मला कागद मागितला नाही. रस्त्यावरून आता त्या इमारतीची उत्तर बाजू दिसते ती अशी, हिरवी, पांढरी, लाल काठांची, वाऱ्यानं फुगलेली. कंपनीच्या बसमधले लोक माना वळवून बघतात.

मला तुझं म्हणणं अजून पटलेलं नाही, नलू. आकडा आपोआप बोलत नाही. पण तो बरोबर नसता तर मी कापड कोणत्या मापानं कापलं असतं, तेही सांग. एवढं तुझं मान्य करते. बाकीचं भांडण राहू दे तसंच.

आज सकाळी साहेबांनी केबिनमध्ये बोलावलं. ट्रस्टमधून फोन आला होता. इमारतीचं तोंड धोबीघाटासारखं झालंय, पाहुणे यायचेत, हे काय आहे, आणि त्या उभ्या फळ्यांचं काहीतरी कोणी बायका म्हणतायत, ते काय आहे, असं विचारत होते. साहेबांचा चेहरा उतरला होता. टेबलावर माझा तो जुना नकाशा पसरलेला, लाल काट मारलेला. त्या काटेवर बोट ठेवून त्यांनी विचारलं, "खिडक्यांना कापड बांधायला कोणी सांगितलं?"

मी म्हटलं, "आपल्या टायपिस्टबाईंनी."